बॉम जीझसचा उतरवलेला गिलावा

ऑगस्टमधली दुपार होती. पाऊस नुकताच थांबला होता आणि जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकाच्या बाजूच्या भिंतीपाशी मी उभा होतो. गर्दी सगळी पुढच्या दाराशी. इकडे कुणी नव्हतं. भिंतीतल्या एका चिऱ्यावर तळहात टेकवला. दगड गार होता, ओला होता. हात उचलला तेव्हा तळव्याला तांबडी रेव लागलेली होती. मी नख लावलं नव्हतं, घासलं नव्हतं, फक्त हात टेकवला होता. त्या चिऱ्याच्या चारी बाजूंची दरज मात्र शाबूत होती. मधला दगड झिजून आत गेल्यामुळे ती बरगडीसारखी वर आलेली दिसत होती.

मान वळवली की रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल दिसतं, पांढरंशुभ्र. तिथेही भिंतीच्या पोटात हाच जांभा दगड आहे आणि तिथेही तेवढाच पाऊस पडतो. फरक एवढाच की त्या भिंतीवर चुन्याचा गिलावा आहे आणि या भिंतीवरचा गिलावा सत्तर वर्षांपूर्वी काढून टाकला गेला. पुराव्यासाठी फार लांब जायला नको असं हे प्रकरण आहे. एक रस्ता ओलांडला की तुलना समोर उभी असते.

बॉम जीझसचा इतिहास सांगताना बहुतेक जण संत फ्रान्सिस झेवियरपासून सुरुवात करतात, आणि ते साहजिकही आहे. गोव्यातले भाविक ज्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात त्यांची शवपेटी इथे आहे. पण झेवियर वारले १५५२ साली, ३ डिसेंबरला, चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगचुआन बेटावर. त्यांचं पार्थिव आधी मलाक्काला नेलं गेलं आणि १५५४ मध्ये गोव्यात आलं. तेव्हा या चर्चचा पायासुद्धा खणलेला नव्हता. चर्च उभं राहिलं ते दुसऱ्याच एका माणसाच्या पैशातून. कोचीनचा कॅप्टन दों जेरोनिमो मास्कारेन्हस १५९३ मध्ये वारला. त्यानं मागे ठेवलेल्या संपत्तीतून जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या पाद्र्यांनी हे काम हाती घेतलं. चर्चच्या आत त्याचं स्मारक आहे, पण झेवियरच्या दर्शनाला जाणाऱ्या रांगेतलं कुणी तिथे सहसा थांबत नाही. पायाचा दगड बसला २४ नोव्हेंबर १५९४ रोजी आणि मे १६०५ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या हस्ते चर्चचं पवित्रीकरण झालं. त्या काळच्या साधनांनी एवढी इमारत साडेदहा वर्षांत पुरी करणं ही लहान गोष्ट नव्हती.

लांबी १८३ फूट, रुंदी ५५, उंची ६१. समोरचा दर्शनी भाग त्याहून उंच, ७८ फूट. या दर्शनी भागाकडे बघताना एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं प्रकरण तिच्यावर बेतलेलं आहे. या इमारतीत दोन दगड आहेत. भिंतींचं अंग जांभ्याचं आहे. समोरचे अर्धस्तंभ, नक्षी, कोरीव चौकटी या सगळ्यासाठी मात्र काळा बसाल्ट वापरलाय, आणि तो आणलाय थेट वसईहून, समुद्रमार्गे. वसई तेव्हा पोर्तुगीजांची होती. सह्याद्रीचा हा काळा पाषाण आपल्याला नवा नाही. लेण्यांपासून घाटांपर्यंत आपलं सगळं कोरीवकाम त्यातच झालेलं आहे. आता प्रश्न असा की गोव्यात पायाखाली जांभा असताना इतक्या लांबून दगड वाहून का आणायचा? याचं उत्तर कुठलाही पाथरवट देईल. जांभ्यात नक्षी टिकत नाही. छिद्राछिद्रांचा दगड, त्यावर छिन्नीची बारीक रेघ उमटतच नाही, आणि उमटली तरी दोन पावसाळ्यांत बुजते. म्हणून जे उघडं राहणार, ज्याची कड धारदार दिसायला हवी, ते बसाल्टमध्ये केलं. ज्याच्यावर गिलावा चढणार ते जांभ्यात. बांधणाऱ्यांनी दगडांची ही वाटणी पूर्ण समजून केली होती.

समोर उभं राहून वर बघितलं की चार टप्प्यांत चढत जाणारी रचना दिसते. खाली तीन दारं, त्यावर खिडक्या, त्यावर गोल झरोके आणि सगळ्यात वर, देवदूतांच्या मध्ये, जेझुइटांचं ‘आयएचएस’ हे येशूच्या नावाच्या अक्षरांचं चिन्ह. खालून वर जाताना प्रत्येक मजल्यावर स्तंभांची शैली बदलते. युरोपातल्या तेव्हाच्या वास्तुकलेत हे मजल्यागणिक शैली बदलणं नियमाला धरून मानलं जाई. समोर जोडमनोरे नाहीत. घंटाघर मागच्या बाजूला आहे. गोव्यातल्या इतर मोठ्या चर्चच्या मानानं समोरून ही इमारत थोडी आखडलेली, सरळसोट वाटते ती त्यामुळे.

आत गेल्यावर डोळे आधी सोन्याकडे जातात. मुख्य वेदीवर खाली बाळ येशू, त्याच्या डोक्यावर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची भव्य मूर्ती, आणि त्यांची नजर वर सूर्यकिरणांच्या वलयातल्या त्याच ‘आयएचएस’कडे. आतल्या सजावटीवर खूप लिहिलं गेलंय, त्यात मी शिरत नाही. झेवियरच्या समाधीबद्दल मात्र दोन वाक्यं. चांदीची पेटी १६३० च्या दशकात गोव्यातल्याच सोनारांनी घडवली, आणि तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची यानं पाठवला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी त्यावर दहा वर्षं काम करत होता आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला गेला. त्या चौथऱ्यावर बसवलेली चांदी बघा. नक्षी कुठल्या परंपरेतून आलीय हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आपल्याकडच्या देव्हाऱ्यांशी तिचं नातं दिसतं.

पुढची अडीचशे वर्षं झपाट्यानं सांगता येतील. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजसत्तेनं जेझुइटांना हाकलून लावलं. साथीच्या रोगांनी जुनं गोवं हे राजधानीचं शहर ओस पडत गेलं आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. त्याआधीच, १८३० च्या दशकात, धर्मसंघ बरखास्त झाले होते. ज्या वास्तूंना वाली उरला नाही त्या पडल्या, किंवा त्यांचा दगड दुसऱ्या बांधकामांसाठी उचलला गेला. बॉम जीझस टिकलं ते झेवियरच्या समाधीमुळे. १९४६ मध्ये त्याला ‘बॅसिलिका’ हा पोपकडून दिला जाणारा मानाचा दर्जा मिळाला. या सगळ्या काळात बाहेरच्या भिंती गिलाव्याच्या होत्या आणि त्यांवर चुना मारला जात होता.

जांभ्याची गोष्ट आता नीट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, खाली कारवारपर्यंत हा दगड पायाखाली आहे. कोकणी माणूस त्याला चिरा म्हणतो. उष्ण प्रदेशात लाखो वर्षं पावसानं खडकातलं विरघळण्यासारखं सगळं वाहून जातं आणि मागे लोखंड आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात. लोखंडाच्या गंजाचा तोच तांबडा रंग. फ्रान्सिस ब्युकॅनन या ब्रिटिश अभ्यासकानं मलबारात पाहिलेल्या या दगडाला १८०७ मध्ये ‘लॅटराइट’ हे नाव दिलं, ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. नाव अचूक आहे. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की त्याचे विटेसारखे सरळ तुकडे पाडता येतात. हवा लागली की तो कडक होतो. खाणीत काम करणारे म्हणूनच चिरा काढल्यावर लगेच बांधत नाहीत, ऊन खाऊ देतात.

पण कडक होणं म्हणजे अभेद्य होणं नव्हे. जांभा आयुष्यभर स्पंजच राहतो. त्याच्या अंगभर नळ्या आणि पोकळ्या असतात आणि त्यात पिवळसर माती भरलेली असते. पाणी आत शिरलं की ती माती आधी सुटते. मग पोकळी मोठी होते, मग तिच्या भोवतालचा तांबडा सांगाडा एकटा पडतो आणि ठिसूळ होऊन ढासळतो. माझ्या तळव्याला लागली ती रेव म्हणजे याच प्रक्रियेतली शेवटची पायरी.

इथे कुणीही विचारेल, आणि मलाही हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय: मग कोकणातली आमची चिऱ्याची घरं कशी उभी आहेत? त्यांना कुठे गिलावा असतो? कित्येक घरांना बाहेरून नसतो, हे खरं आहे. पण त्या घरांकडे नीट बघा. भिंत उंचीला किती? आठ, दहा फूट. तिच्यावर कौलारू छप्पर चारी बाजूंनी उतरलेलं, वळचण इतकी खाली की उंच माणसाला वाकून आत जावं लागतं. पुढे पडवी, मागे पडवी. पागोळ्या भिंतीपासून हातभर लांब पडतात. एवढं करूनही आमच्याकडे मे महिना संपायच्या आत पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधले जायचे. झड लागू नये म्हणून. आजी झापाच्या गाठी स्वतः ओढून बघायची आणि एखादी सैल निघाली की गड्याला परत वर चढवायची. म्हणजे उघडा चिरा आमच्या घरात कधीच उघडा नव्हता. त्याच्यावर छपराचं पांघरूण होतं.

चर्चला हे पांघरूण नाही. साठ फूट उंच सरळ भिंत, वर जेमतेम वळचण. युरोपातून आलेला आराखडा तिथल्या पावसासाठी होता. इथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि वाऱ्याबरोबर आडवा. सोळाव्या शतकातल्या बांधणाऱ्यांपुढे हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी काय केलं? भिंतीला जे पांघरूण छपरातून देता येत नव्हतं ते गिलाव्यातून दिलं. गोव्यातली चर्च पांढरी का, असं विचारलं की शुद्धतेचं प्रतीक वगैरे सांगितलं जातं. असेल तेही. मला मात्र तो पांढरा रंग आधी छत्रीचा वाटतो.

आता तो गिलावा कसला, हे समजून घेऊ. किनारपट्टीवर चुना मिळतो तो शिंपल्यांपासून. शिंपले भट्टीत भाजायचे, कळीचा चुना होतो. त्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, उकळतो, विरतो. मग तो पाण्याखाली मुरत ठेवायचा. जितका जुना तितका चांगला. पुढे वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायचा. आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांच्या कृतीत गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असं बरंच काही येतं. प्रत्येक गावची रीत थोडी वेगळी. भिंतीवर चढवल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड होतो. भट्टीत भाजताना जे उडून गेलं होतं तेच तो परत घेतो.

या गिलाव्याची खुबी अशी की तो पाऊस अडवतो पण भिंतीचा श्वास कोंडत नाही. आत गेलेली ओल त्यातून वाफेनं बाहेर पडते. पाण्याबरोबर क्षार वर येतात, आपण ज्याला लोणा लागणं म्हणतो, तो लोणा दगडाच्या अंगात न फुटता गिलाव्यात फुटतो. गिलाव्याचे पोपडे येतात, दगड वाचतो. म्हणजे तो झिजण्यासाठीच असतो. पावसाळा सरला की पोपडे खरवडायचे, भगदाडं भरायची, वर चुन्याचे हात द्यायचे. वर्षाचं काम. हे काम करणारे हात पिढ्यानपिढ्या होते म्हणून ही चर्च साडेतीनशे वर्षं उभी राहिली.

मग तो काढला का?

१९५२ मध्ये झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षं पुरी होणार होती. पार्थिवाचं जाहीर दर्शन ठरलं होतं, जगभरातून लोक येणार होते. भारत स्वतंत्र होऊन गेला होता, गोव्यावरच्या ताब्याला उघड आव्हान मिळत होतं, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला जगाला दाखवायचं होतं की इथली आपली मुळं किती जुनी आहेत. जुन्या गोव्याची डागडुजी याच काळात निघाली. त्यासाठी पोर्तुगालहून बाल्ताझार कास्त्रो हे वास्तुविशारद आले. पोर्तुगालमधल्या राष्ट्रीय स्मारकांचं काम पाहणाऱ्या सरकारी खात्यात त्यांनी मोठी कारकीर्द घालवली होती. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याची एक ठरीव पद्धत होती. मध्ययुगीन चर्चवर नंतरच्या शतकांत चढलेले थर काढायचे, गिलावा उतरवायचा आणि मूळचा दगड उघडा करायचा. दगड दिसला की इमारत प्राचीन दिसते, राष्ट्र प्राचीन दिसतं, असा त्यामागचा हिशोब.

उत्तर पोर्तुगालमध्ये त्या पद्धतीनं भिंतींचं फारसं बिघडलं नसेल, कारण तिथला दगड ग्रॅनाइट आहे. घट्ट, कणीदार, पाण्याला दाद न देणारा. तीच नजर घेऊन माणूस मांडवीच्या काठी आला आणि त्यानं जांभ्यालाही ग्रॅनाइटच समजलं. १९५० च्या दशकात बॉम जीझसच्या बाहेरच्या भिंतींचा गिलावा उतरवला गेला. खाली तांबडा दगड निघाला. ऊन पडलं की तो भव्य दिसतो, यात शंका नाही. आजही दिसतो.

कास्त्रो यांना दोष देणं सोपं आहे, पण त्यानं आपण फार शिकणार नाही. त्यांच्याकडे अनुभव होता, अधिकार होता, आणि त्यांच्या देशात मान्य असलेली रीत होती. नव्हता तो एक पावसाळा. जुलैमध्ये चिऱ्याच्या भिंतीशी आठ दिवस राहिलेल्या एखाद्या स्थानिक गवंड्याला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं याबद्दल मला तरी शंका नाही.

गिलाव्याशिवाय काय होतं याचा दुसरा पुरावाही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. टेकडीवरचं संत ऑगस्टीनचं चर्च. ऑगस्टिनियन संघ बरखास्त झाल्यावर ते बेवारस झालं. १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज उभा आहे तो जांभ्याचा ४६ मीटर उंच अर्धा मनोरा. तिथे कारणं अनेक होती. छप्पर गेलं, झाडं उगवली, देखरेख संपली. त्यामुळे त्याची बॉम जीझसशी थेट तुलना करणं न्यायाचं होणार नाही. पण उघड्या चिऱ्यात पाणी शिरायला लागलं की ते कुठल्या दिशेनं काम करतं हे त्या मनोऱ्याच्या कडा बघून कळतं.

बॉम जीझसला छप्पर आहे, राबता आहे, रोज मिसा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते. म्हणून तिथली झीज हळू आहे आणि म्हणूनच फसवी आहे. भिंतीचं पाणी तीन वाटांनी येतं. वरून, छपराच्या आणि भिंतीच्या सांध्यातून. समोरून, झडीबरोबर. खालून, पायातून ओढलं जाऊन. पहिली वाट छपराच्या दुरुस्तीनं बंद होते. तिसरीसाठी भोवतालच्या पाण्याचा निचरा सुधारावा लागतो. दुसरी वाट, जी सगळ्यात रुंद आहे, ती गिलावाच अडवत होता. आता प्रत्येक पावसाळ्यात भिंत भरते आणि उन्हाळ्यात सुकते, पुन्हा भरते, पुन्हा सुकते. शेवाळ धरतं. चिऱ्यांच्या कडा गोल होतात. झिजलेले चिरे काढून नवे बसवता येतात, दरजा भरता येतात. पण हे जखमेवर पट्टी बांधण्यासारखं आहे, अंगावरचं कातडं परत येत नाही.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. पुढे ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आली आणि १९८६ मध्ये ‘गोव्यातली चर्च आणि मठ’ या नावानं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. म्हणजे जगानं तिला मान्यता दिली तेव्हा ती तांबडी होती. गुंता इथेच आहे.

गिलावा परत चढवावा अशी मागणी चर्चच्या बाजूनं आणि काही संवर्धन-वास्तुविशारदांकडून वर्षानुवर्षं होते आहे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. पहिला मुद्दा असा की तीन पिढ्यांनी ही इमारत तांबडीच पाहिली आहे. टपाल तिकिटापासून लग्नाच्या फोटोंपर्यंत बॉम जीझस म्हणजे तांबडा दगड. माझ्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या बाई, ज्यांचा जन्म इथल्याच तिसवाडी तालुक्यातला, म्हणाल्या की पांढरी केली तर ती मला आमची वाटणारच नाही. याला उत्तर देणं कठीण आहे. दुसरा मुद्दा नियमांचा. संवर्धन क्षेत्रात १९६४ ची व्हेनिस सनद प्रमाण मानतात. ती सांगते की इमारतीवर वेगवेगळ्या काळात जे मोलाचं घडलं त्या सगळ्याचा मान राखा, एकच काळ खरा मानून बाकीचा पुसू नका. मग १९५० चं दशक हाही इतिहासच नाही का? तिसरा मुद्दा व्यवहाराचा. झिजलेल्या, ओल धरलेल्या दगडावर गिलावा धरेल का, आणि आतल्या भेगा झाकल्या गेल्या तर त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं?

दुसऱ्या मुद्द्यापासून घेतो. व्हेनिस सनदेचा आधार खरं तर गिलाव्याच्याच बाजूनं जातो असं मला वाटतं. ‘मोलाचं घडलं’ त्याचा मान राखायचा आहे. गिलावा उतरवणं ही भर नव्हती, ती वजाबाकी होती. एकच काळ खरा मानून बाकीचे थर पुसायचे नाहीत हा नियम १९५० च्या दशकात मोडला गेला, आणि ज्या कृतीनं तो मोडला तिलाच आता त्याच नियमाचं संरक्षण द्यायचं हे तर्काला धरून नाही. १९९४ मध्ये जपानमधल्या नारा इथे अस्सलपणाविषयी जो दस्तऐवज तयार झाला त्यानं आशियातल्या वास्तूंसाठी एक मोकळी वाट करून दिली. अस्सलपणा फक्त समोर दिसणाऱ्या मूळ वस्तूत नसतो, तो तंत्रात, परंपरेत, वापरातही असतो. जपानी लाकडी मंदिरांचे भाग ठरावीक काळानं बदलले जातात, तरी ती मंदिरं जुनीच असतात. दर वर्षी चुना मारणं हा बॉम जीझसच्या अस्सलपणाचा भाग होता.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे आणि म्हणूनच घाई नको. सिमेंटचा गिलावा तर अजिबात नको. सिमेंट ओल कोंडतं, क्षार दगडातच फुटतात, आणि सुटताना ते चिऱ्याचा पापुद्रा घेऊन सुटतं. गावोगावच्या कित्येक देवळांची आणि चर्चची अशी वाट लागलेली आपण पाहतो. कुणीतरी श्रद्धेनं वर्गणी काढून सिमेंट लावलेलं असतं. दगडावर पाणी न धरणारं रसायन फवारण्याचाही पर्याय सुचवला जातो. प्रयोगशाळेत ते चांगलं वागत असेल, पण खालून ओल चढणाऱ्या भिंतीला बाहेरून झाकण लावलं तर आतलं पाणी जाईल कुठे, या प्रश्नापाशी मी अडतो.

पहिला मुद्दा, आठवणीचा, तो सगळ्यात कठीण आहे हे मी आधीच मान्य केलं. त्या बाईंना मी काहीच उत्तर दिलं नाही. पण एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रं पाहिली की त्यांच्या आजीच्या आठवणीतलं बॉम जीझस कसं असेल हे कळतं. आणि या निर्णयात अजून एक पक्ष आहे, ज्यांचा जन्म व्हायचा आहे. त्यांना तांबडं किंवा पांढरं, कुठलंतरी बॉम जीझस मिळायला हवं.

माझ्या मते काम मागच्या बाजूनं सुरू करावं. जिथे फोटो काढायला कुणी जात नाही तिथली एक भिंत निवडावी. आधी तिच्यातली ओल आणि क्षार वर्षभर मोजावेत. सुटलेले चिरे बदलावेत, निचरा नीट करावा. मग एका तुकड्यावर शिंपल्यांच्या मुरवलेल्या चुन्याचा गिलावा चढवावा आणि शेजारचा तुकडा तसाच ठेवावा. तीन पावसाळे दोन्हींवर नजर ठेवावी, आकडे जाहीर करावेत, गोव्यातल्या माणसांना ते दाखवावेत. दर्शनी भागाचा विचार सगळ्यात शेवटी, आणि तिथल्या वसईच्या बसाल्टला हातही लावू नये. तो उघडा राहण्यासाठीच आणला होता. चुन्याचा गिलावा नको वाटला तर काढता येतो. वाहून गेलेला जांभा परत लावता येत नाही.

अडचण पैशांपेक्षा हातांची आहे. चुना किती मुरला हे बोटांनी ओळखणारे गवंडी आता फार थोडे उरलेत. असं मोठं, वर्षानुवर्षं चालणारं काम निघालं तर निदान वीस-पंचवीस तरुण ते काम शिकतील, आणि त्यांच्या हातून कोकणातल्या कितीतरी वाडे-देवळांचं आयुष्य वाढेल. मला तर हाच या कामाचा सगळ्यात मोठा लाभ वाटतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी मी परत गेलो होतो. ३ डिसेंबरच्या फेस्ताची तयारी चालू होती, मांडव पडत होते. पणजीहून येताना रायबंदरच्या पुढे रस्त्याकडेला एका छोट्या खुरसाला, म्हणजे चौथऱ्यावरच्या क्रूसाला, एक माणूस चुना मारत होता. पावसाळ्यानं काळा पडलेला पायथा, वर क्रूस, सगळं मिळून पुरुषभर उंचीचं. त्यानं आधी पोपडे खरवडले, मग तांब्यानं वरपासून खालपर्यंत पाणी ओतलं आणि थांबला. कशासाठी थांबलात, असं विचारलं. भिंतीची तहान भागू दे, कोरडी असली तर ती चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि मग चुना धरत नाही, असं त्यानं कोकणीत समजावलं. पाणी मुरल्यावर त्यानं बादलीतला चुना काठीनं ढवळला आणि पहिला हात आडवा दिला. ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक होता, खालचा तांबडा चिरा त्यातून दिसत होता. अर्ध्या तासानं मी परत त्याच रस्त्यानं गेलो तेव्हा तो पांढरा होत आला होता, आणि माणूस दुसऱ्या हातासाठी बादली ढवळत बसला होता.